दोन अर्थांचा एक शब्द : कोशकार एलिएझर बेन-येहुदा

भाषांतराच्या तासाला ‘स्प्रिंग’ हा इंग्रजी शब्द आला की वर्गात हमखास मौज होते. कोणी वसंत लिहितो, कोणी झरा, कोणी उडी. आणि घड्याळजीच्या दुकानात उठबस असलेला एखादा विद्यार्थी ‘स्प्रिंग’ असेच लिहून मोकळा होतो. चौघांच्याही वहीतले उत्तर बरोबर असते. मात्र पूर्ण वाक्य फळ्यावर लिहिले की त्यांपैकी तिघे चुकलेले ठरतात. हीच गत ‘लाइट’ची, ‘राइट’ची आणि ‘लेटर’ची. इंग्रजीने एकेका शब्दाच्या पोटात चार-चार अर्थ साठवले आहेत आणि भाषांतर करणाऱ्याला ते निवडून वेगळे काढावे लागतात. इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही कसरत रोजचीच. तेव्हा जी भाषा सुमारे सतराशे वर्षे कोणाच्याही घरची बोली नव्हती, तिच्यात हे शब्द कसे उतरवले असतील, या कुतूहलापोटी मी हिब्रूच्या इतिहासाकडे वळलो. तिथे मला जो माणूस भेटला, त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या ‘स्प्रिंग’चा निकाल लावू. हिब्रूत वसंत ऋतूला ‘अवीव’ म्हणतात. हा शब्द बायबलइतका जुना आहे. तिथे त्याचा अर्थ जवाची कोवळी कणसे असा होतो. कणसे धरण्याचा काळ तो अवीव, असे करत तो ऋतूचे नाव झाला. झऱ्याला ‘मआयान’ म्हणतात. हाही शब्द जुनाच. तिसरी, घड्याळातली लोखंडी स्प्रिंग मात्र बायबलच्या काळी नव्हती. तिच्यासाठी नव्या काळात ‘उडी मारणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘कफीत्स’ असा शब्द तयार झाला. म्हणजे इंग्रजीतल्या एका शब्दासाठी हिब्रूने तीन शब्द वापरले. दोन जुन्या पेटीतले आणि एक नवा घडवलेला. जुन्या पेटीत शोधायचे आणि तिथे नाही मिळाले तर जुन्याच धातूचे नवे भांडे घडवायचे, हा उद्योग ज्याने आयुष्यभर केला आणि त्यासाठी स्वतःच्या संसाराची होळी होऊ दिली, तो माणूस म्हणजे एलिएझर बेन-येहुदा.

त्याचा जन्म ७ जानेवारी १८५८ रोजी लुझकी या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते बेलारूसमध्ये आहे. घराण्याचे आडनाव पर्लमन. वडील लहानपणीच वारले. घरात बोलली जाणारी भाषा यिडिश. हिब्रू ही प्रार्थनेची आणि धर्मग्रंथांची भाषा. आपल्याकडे जसा एखादा मुलगा मौंज झाल्यावर संथा घेऊ लागे, तसा हा मुलगा अगदी कोवळ्या वयात हिब्रू ग्रंथ घोकू लागला. बुद्धी तल्लख होती. तो मोठा धर्मपंडित होणार अशी सर्वांची खात्री होती. म्हणून त्याला पोलोत्स्क येथील धर्मपाठशाळेत पाठवण्यात आले.

तिथल्या एका गुरूने त्याच्या हाती गुपचूप दोन वस्तू ठेवल्या. एक हिब्रूचे व्याकरण आणि दुसरी रॉबिन्सन क्रूसोच्या कथेचे हिब्रू भाषांतर. निर्जन बेटावर अडकलेला एक खलाशी झोपडी बांधतो, शेळ्या पाळतो, भांडी घडवतो, आणि हे सगळे देवाच्या भाषेत लिहिलेले! ज्या भाषेत आजवर फक्त स्तोत्रे आणि धर्मनियम वाचले, त्या भाषेत शेळी आणि कुऱ्हाडही मावते, हे त्या मुलाला प्रथमच कळले. मला वाटते, त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज त्या पुस्तकात आहे. तोही पुढे एका बेटावरच राहिला, आणि जवळ होती तेवढ्या सामग्रीतून त्याने आपल्याला हवे ते एकेक करून घडवले.

नातलगांना ही असली पुस्तके रुचली नाहीत आणि मुलाला घर सोडावे लागले. फिरत फिरत तो ग्लुबोकोये गावी योनास नावाच्या एका सुशिक्षित कुटुंबात येऊन पोचला. त्या घरातली थोरली मुलगी देवोरा त्याच्याहून वयाने मोठी होती. तिने त्याला रशियन, जर्मन आणि फ्रेंच शिकवली. पुढे तो दुनाबुर्ग येथील शाळेत गेला आणि १८७७ साली तिथले शिक्षण पुरे केले. त्याच सुमारास रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले आणि बल्गेरियन लोकांच्या स्वातंत्र्याची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊ लागली. ती वाचताना या तरुणाच्या मनात एकाएकी विचार चमकून गेला, की बल्गेरियनांना जर स्वतःचा देश आणि स्वतःची भाषा असू शकते, तर ज्यूंना का असू नये? आणि भाषा असायची तर ती कोणती? रशियातला ज्यू यिडिश बोले, स्पेनमधून बाहेर पडलेल्यांचे वंशज लादिनो बोलत, बगदादचा ज्यू अरबी बोले, आणि आपल्या कोकणातला बेने इस्राएल मराठी बोले. या सर्वांमध्ये एकच भाषा समान होती, ती म्हणजे प्रार्थनेची हिब्रू.

१८७८ साली वैद्यकाचा अभ्यास करण्यासाठी तो पॅरिसला गेला. तिथे दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे त्याला क्षयाची बाधा झाली. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूची नोटीसच. थोडी मुदत मिळाली तर मिळाली. दुसरी म्हणजे १८७९ साली त्याने व्हिएन्नाहून निघणाऱ्या ‘हाशाखार’ या हिब्रू मासिकात एक लेख लिहिला. ज्यूंनी आपल्या पूर्वजांच्या भूमीत पुन्हा वस्ती करावी आणि आपली भाषा जपावी, असा त्याचा आशय. लेखाखाली त्याने पर्लमन हे नाव न घालता बेन-येहुदा अशी सही केली. या सहीचेही दोन अर्थ होतात. त्याच्या वडिलांचे नाव येहुदा होते, तेव्हा हा येहुदाचा मुलगा. आणि येहुदा हे प्राचीन ज्यू राज्याचेही नाव, तेव्हा हा त्या भूमीचा मुलगा. ज्याने आयुष्यभर शब्दांचे अर्थ मोजले, त्याने स्वतःसाठी नाव निवडले तेही दुहेरी अर्थाचे.

पॅरिसच्या कॅफेत बसून तो मित्राशी हिब्रूत बोलू लागला, तेव्हा त्याला आपल्या भाषेतली उणीव बोचू लागली. बायबलमध्ये वेगवेगळे शब्द मोजले तर ते सुमारे ८,००० भरतात. त्यांत राजे आहेत, प्रेषित आहेत, मेंढ्या आणि द्राक्षमळे आहेत, पण बाहुली नाही, टॉवेल नाही, सायकल नाही, वर्तमानपत्र नाही. धर्मचर्चेत तासन्‌तास न अडणारा माणूस चहाच्या टेबलावर मुका होत होता. हवापालट म्हणून तो अल्जियर्सला गेला, तिथल्या ज्यूंशी हिब्रूत बोलला, आणि त्यांच्या उच्चारांवर लुब्ध झाला. वैद्यकाचा अभ्यास अर्धाच राहिला. त्याने देवोराला आपला आजार स्पष्टपणे कळवला होता. तरीही ती निघून आली. १८८१ साली कैरोत दोघांचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी ते याफा बंदरात उतरून जेरुसलेमला गेले. तो सगळा मुलूख तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होता.

यापुढे आपल्या घरात हिब्रूशिवाय दुसरी भाषा उच्चारायची नाही, अशी प्रतिज्ञा त्याने केली आणि देवोराकडूनही ती पाळून घेतली. तिला हिब्रू फारशी येत नव्हती. ज्या मुलीने त्याला तीन भाषा शिकवल्या, तिला आता त्याच्या घरात धड चार वाक्ये बोलता येईनात. १८८२ च्या जुलैअखेर त्यांना मुलगा झाला; त्याचे नाव बेन-त्सियोन, पुढे तो इतामार बेन-आवी या नावाने पत्रकार म्हणून प्रसिद्धीस आला. या मुलाच्या कानावर दुसऱ्या भाषेचा शब्द पडू नये म्हणून बापाने घराचे दरवाजे जगाला बंद केले. पाहुणे आले की मुलाला आत पाठवायचे. शेजारच्या मुलांशी खेळणे नाही. चौथे वर्ष लागत आले तरी मूल बोलेना. शेजारी म्हणू लागले, हे मूल वेडगळ निपजणार. पुढे त्या मुलानेच आठवणींत सांगितले आहे, की एके दिवशी आई नकळत रशियन अंगाईगीत गुणगुणत होती. बाप घरात आला, ते ऐकून संतापला, टेबलावर मूठ आपटली. आणि त्या भांडणाच्या भीतीने मुलाच्या तोंडून पहिले शब्द बाहेर पडले. ते हिब्रू होते.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबतात आणि वाहवा करतात. मला मात्र ती आई विसरता येत नाही. आजारी शरीर, परका मुलूख, घरात दारिद्र्य, आणि बाळाला निजवताना ओठांवर येईल ते गाणेही गायची मुभा नाही. मूल निजवायला लागणारे शब्द कोणत्याच कोशातून आणता येत नाहीत. ते तिच्याकडे होते, पण रशियनमध्ये. भाषेच्या पुनरुज्जीवनाची किंमत प्रथम तिने मोजली, हे आपण विसरू नये.

पोटासाठी बेन-येहुदा शिक्षकाचे आणि उपसंपादकाचे काम करी. १८८४ साली त्याने ‘हात्स्वी’ हे स्वतःचे पत्र काढले. ‘त्स्वी’ म्हणजे हरिण आणि ‘त्स्वी’ म्हणजे शोभाही; बायबलमध्ये त्या भूमीला शोभेची भूमी म्हटले आहे, त्यावरून हे नाव. हे पत्र म्हणजे त्याच्या शब्दांची टांकसाळ होती. बातमी लिहिताना शब्द अडला की नवा पाडायचा, आणि तो अंकातून बाजारात सोडायचा. वाचकांना पटला तर तो चाले. नाही तर खोट्या नाण्यासारखा परत येई.

शब्द पाडण्याची त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. हिब्रू आणि अरबी या भगिनी भाषा. दोहोंतही बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असतात. क-त-व हा लेखनाचा धातू. ‘कतव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘मिखताव’ म्हणजे पत्र, ‘केतुबा’ म्हणजे विवाहाचा करारनामा. अरबीत हाच धातू क-त-ब होतो, आणि आपल्या कानाला ओळखीचा ‘किताब’ त्यातूनच आलेला आहे. साचे ठरलेले असतात. धातू साच्यात ओतला की शब्द तयार. पुसून कोरडे करण्याच्या धातूपासून त्याने ‘मागेवेत’, म्हणजे टॉवेल, असा शब्द केला. चाकाला जुना शब्द होता ‘ओफान’. हिब्रूत जोडीने असणाऱ्या वस्तूंसाठी द्विवचनाचा प्रत्यय आहे. तो लावून सायकल झाली ‘ओफनायिम’, म्हणजे दोन चाके. आपण तिला दुचाकी म्हणतो. दोन देशांतल्या दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती योजावी, याची मला गंमत वाटते.

त्याची पहिली अट अशी, की शब्द आधी हिब्रूच्या जुन्या ग्रंथांत शोधायचा. तिथे नसेल तर अरामी भाषेत पाहायचे. त्या भाषेतल्या हिमाच्या शब्दावरून त्याने आइसक्रीमला ‘ग्लिदा’ केले. तिथेही नसेल तर अरबीकडे जायचे. फळांच्या पाकाला अरबीत मुरब्बा म्हणतात. त्यावरून त्याने हिब्रूत ‘रिबा’ आणला. आपला मुरंबाही त्याच अरबी घरातून आलेला. एकूण कोकणातल्या बरणीचे आणि जेरुसलेमच्या बरणीचे नाते असे आहे.

आता बहुअर्थी शब्दांकडे येतो. इंग्रजीतला ‘पेपर’ घ्या. कागद म्हणजे पेपर, वर्तमानपत्र म्हणजे पेपर, परीक्षेतली प्रश्नपत्रिकाही पेपर. आपण आळसाने तिन्ही ठिकाणी पेपरच म्हणतो. हिब्रूत कागदाला ‘नियार’ हा जुना शब्द होता. वर्तमानपत्राला बेन-येहुदाच्या आधी एक लांबलचक जोडशब्द वापरत, त्याचा अर्थ वेळोवेळी येणारे पत्र. त्याने काळवाचक ‘एत’ या शब्दाला प्रत्यय लावून ‘इतोन’ असा आटोपशीर शब्द केला. जर्मनमध्येही वर्तमानपत्राचे नाव काळवाचक शब्दाशी जुळते. तो धागा त्याने उचलला. त्याच रीतीने कोशाला पूर्वी शब्दांचे पुस्तक म्हणत. ‘मिला’ म्हणजे शब्द, त्यापासून त्याने ‘मिलोन’ केले. कोशासाठी शब्द घडवणे हे त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक, आणि तोच मिलोन पुढे त्याचे जीवितकार्य झाला.

‘राइट’ या इंग्रजी शब्दात उजवी बाजू, बरोबर आणि हक्क असे तीन अर्थ आहेत. हिब्रूत उजव्या बाजूला ‘यामीन’, बरोबर असण्याला ‘नाखोन’ आणि हक्काला ‘झेखुत’. यावरून हिब्रूत एका शब्दाला एकच अर्थ असतो असे मात्र समजू नये. बायबलमध्ये ‘यामीन’चा दुसरा अर्थ दक्षिण दिशा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की दक्षिण उजव्या हाताला येते. संस्कृतात ‘दक्षिण’ या शब्दाचे हेच दोन अर्थ आहेत. प्रत्येक भाषेने अर्थांच्या गाठोड्या बांधल्या आहेत. फक्त एकीने ज्या दोन वस्तू एकत्र बांधल्या, त्या दुसरीने वेगवेगळ्या ठेवल्या. भाषांतराचे सगळे दुःख या गाठी न जुळण्यात आहे.

आणि हे दुःख बेन-येहुदाच्या वाट्याला अगदी शब्दशः आले. १८९१ साली देवोरा क्षयानेच वारली. पाठोपाठ थोड्याच काळात घटसर्पाच्या साथीत त्यांची तीन मुले गेली. देवोराच्या धाकट्या बहिणीने, पाउलाने, बहिणीच्या इच्छेला मान देऊन त्याच्याशी लग्न केले आणि हेमदा हे हिब्रू नाव घेतले. तिच्याबरोबर वडील योनासही जेरुसलेमला आले. १८९३ च्या अखेरीस हनुक्का सणानिमित्त योनास यांनी जावयाच्या पत्रात एक लेख लिहिला. त्यात समाजाने बळ एकवटून पुढे चालावे असा बोध होता. बळासाठी योजलेला हिब्रू शब्द ‘खायिल’. त्याचा दुसरा अर्थ सैन्य. ‘पुढे’ या अर्थाचा शब्द ‘कादिमा’. त्याचा संबंध पूर्व दिशेशीही पोचतो, जसा आपल्या ‘पूर्व’ शब्दात आधी आणि उगवती असे दोन्ही अर्थ आहेत. जेरुसलेममधल्या कर्मठ मंडळींना देवाची भाषा बाजारात ओढणारा हा माणूस फार दिवस सलत होता. त्यांनी त्याच्यावर बहिष्कार पुकारलेला होताच. आता त्यांच्यापैकी काहींनी तुर्की अधिकाऱ्यांकडे जाऊन त्या वाक्याचा अर्थ सांगितला, तो सैन्य जमवून चाल करून जाण्याचा.

राजद्रोहाचा खटला उभा राहिला. बेन-येहुदाला तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि पत्र बंद पडले. या बातमीने देशोदेशींच्या ज्यूंमध्ये खळबळ उडाली. वरच्या न्यायालयात दाद मागितल्यावर तो सुटला. कोशकारावर कोशातल्या एका नोंदीने खटला भरावा, असाच हा प्रकार. खोटा अर्थ कोणीच सांगितला नव्हता, हे यातले मर्म आहे. ‘खायिल’ म्हणजे सैन्य हे खरेच आहे. वाक्य बाजूला सारून शब्द एकटा उचलला, की खऱ्या अर्थानेही माणसाला तुरुंगात पाठवता येते. वर्गात मी विद्यार्थ्यांना शब्दार्थ पाठ करण्याआधी वाक्य वाचायला सांगतो, तेव्हा मला हा खटला आठवतो.

सुटल्यावर त्याने कोशाच्या कामाला स्वतःला जुंपून घेतले. लंडन, ऑक्सफर्ड, पॅरिस अशा ठिकाणच्या ग्रंथालयांत जाऊन त्याने जुनी हस्तलिखिते पाहिली आणि कोणता शब्द कोणत्या शतकात कोणत्या अर्थाने आला, याच्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक शब्दाचे अर्थ वेगळे करून त्यांपुढे जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी पर्याय द्यायचे, असा त्याचा बेत होता. तीन भाषांचे हे तीन आरसे एका शब्दापुढे धरले, की त्याच्या कोणत्या बाजूला कोणता अर्थ आहे ते दिसू लागते. कोशाचा पहिला भाग १९०८ च्या सुमारास बर्लिनमध्ये छापून निघू लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो सहकुटुंब अमेरिकेत होता, तेव्हाही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेच काम चालू होते. १९१९ साली तो परतला.

एवढे सगळे त्याने एकट्याने केले, असे मी म्हटले तर ते सत्याला धरून होणार नाही. हिब्रू अगदीच मृत नव्हती. ती लिहिली जात होती, छापली जात होती, आणि जेरुसलेमच्या बाजारात निरनिराळ्या देशांतले ज्यू एकमेकांशी मोडक्यातोडक्या हिब्रूत व्यवहारही करीत. ती मुलांच्या तोंडी रुजवण्याचे खरे काम नव्या वसाहतींतल्या शाळामास्तरांनी केले. १८९० साली स्थापन झालेल्या भाषासमितीत त्याच्याबरोबर इतर विद्वान होते. विजेसाठी आज रूढ असलेला ‘खश्मल’ हा शब्द कवी येहुदा लेब गॉर्डन याने सुचवला. बायबलमधल्या एका तेजस्वी, गूढ वस्तूचे ते नाव. जुन्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी तृणमण्याचा, म्हणजे ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द आला होता, आणि त्याच ग्रीक शब्दावरून युरोपने विजेला नाव दिले होते. एका भाषांतरकाराच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या निवडीतून विजेचा दिवा असा उजळला.

बेन-येहुदाचे सगळेच शब्द चालले, असेही नाही. टोमॅटोसाठी येखिएल मिखाएल पिनेस याने ‘आगवानिया’ असा शब्द केला. युरोपात टोमॅटोला प्रेमाचे सफरचंद म्हणण्याची चाल होती, त्याचे ते भाषांतर. पण तो धातू हिब्रूत कामवासनेकडे झुकणारा. बेन-येहुदाला ते अश्लील वाटले. त्याने अरबीवरून ‘बादुरा’ हा शब्द पुढे केला आणि स्वतःच्या घरात तोच चालवला. भाजीबाजाराने मात्र कोशकाराचे ऐकले नाही. आज तिथे सर्वजण आगवानियाच म्हणतात आणि कोणाच्या मनात वावगे काही येत नाही. वापराने शब्दाचा जुना अर्थ झिजून जातो, हे व्युत्पत्ती फार जाणणाऱ्या माणसाला पटायला जड जाते.

१९१३ साली हैफा येथे निघणाऱ्या तंत्रविद्यालयात विज्ञान जर्मनमधून शिकवावे असा प्रस्ताव आला, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी यांनी त्याविरुद्ध संप केले, आणि बेन-येहुदा त्यांच्या बाजूने उभा राहिला. पुढे १९२४ साली त्या संस्थेत हिब्रूतूनच शिकवणे सुरू झाले. महायुद्धानंतर तो मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि १९२२ साली इंग्रजी व अरबीबरोबर हिब्रूलाही राजभाषेचे स्थान मिळाले. नाण्यांवर आणि टपालाच्या तिकिटांवर तीन लिपी दिसू लागल्या. आता इंग्रजी कायद्यातला प्रत्येक शब्द हिब्रूत उतरवणे हे कचेरीचे रोजचे काम झाले, आणि तिथे ‘राइट’चा अर्थ चुकला तर एखाद्याची जमीन जाण्याचा प्रश्न होता. हा दिवस पाहायला तो जेमतेम उरला. १६ डिसेंबर १९२२ रोजी जेरुसलेममध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तो मरण पावला. विशीत क्षयाने मुदत दिलेल्या माणसाने चाळीसहून अधिक वर्षे ती लांबवली होती. ऑलिव्ह पर्वतावर त्याचे दफन झाले.

कोशाचे मोजकेच खंड त्याच्या हयातीत निघाले. उरलेले काम हेमदाने आणि मुलगा एहूदने विद्वानांच्या साहाय्याने चालवले. हेमदा १९५१ साली गेली, आणि सतराव्या खंडाने कोश पुरा झाला तो १९५९ साली. जुन्या भाषासमितीची जागा १९५३ मध्ये हिब्रू भाषेच्या अकादमीने घेतली. परकीय शब्दांना पर्याय शोधण्याचे काम ती आजही करते.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणत. तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवीत. मुंबईच्या जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. म्हणजे बेन-येहुदाच्या जन्माच्या पंचवीस-सव्वीस वर्षे आधी, हिब्रू शब्दाचा अर्थ मराठीत सांगण्याची खटपट आपल्या किनाऱ्यावर सुरू झाली होती. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्राएलला गेले. तिथे ते ओफनायिम आणि आगवानिया शिकले, आणि मराठीही त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. बेन-येहुदाच्या नियमाने पाहिले तर हा अपराधच. मला मात्र त्यात देवोराची अंगाई ऐकू येते.

बेन-येहुदाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि थोडी भीतीही आहे. एका भाषेसाठी घराची दारे बंद करणारा हा माणूस, शब्द हवा असला की मात्र शेजारच्या अरबाचे दार ठोठावत असे. पुढच्या काळाने त्याच्यातली कोणती बाजू उचलली, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग. इस्राएलमध्ये २०१८ च्या कायद्याने हिब्रू ही एकटीच राजभाषा ठरली आणि अरबीचे स्थान विशेष दर्जाच्या भाषेपर्यंत खाली आले. ज्या घरून मुरंबा आणला, त्या घराशी मग कसे वागायचे, हा प्रश्न कोशात सुटत नाही.

या अंकाची पाने उलटली की पुढे कन्नड विभाग लागेल. आपण घरात तूप म्हणतो आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, ते शब्द त्याच विभागातून आपल्याकडे आलेले आहेत. तुमच्यापैकी ज्यांना दोन्ही लिपी वाचता येतात, त्यांनी ती पाने न वाचता अंक मिटू नये. पुढच्या तासाला ‘स्प्रिंग’साठी कन्नडमध्ये किती शब्द लागतात, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.